लांडग्यांची सोयरीक

खानापूरचं जंगल मागे टाकून पूर्वेला निघालं की सौंदत्ती, गोकाक, अथणीच्या बाजूला कोरडा माळ लागतो. रात्री शेतात मेंढरं बसवलेली असतात तेव्हा धनगराचा एक डोळा उघडाच असतो, तो लांडग्यासाठी. लांडग्याचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: जो नर मारामाऱ्या करून बाकीच्यांना लोळवतो तो म्होरक्या, आणि माद्या त्याच्या.

ही समजूत पसरायला शास्त्रज्ञांचाही हातभार लागला. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली लिहिलं ते प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांबद्दल. रानात वर्षानुवर्षं लांडगे पाहिलेल्या डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये हे चित्र खोडून काढलं. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि दोन-तीन वेतांची पोरं. म्होरक्या म्हणजे बाप! त्याला कुणाला लोळवायची गरजच नसते.

मग जोडीदार मिळायचा कुठून? भावकीत सोयरीक करायची नाही, हा दंडक लांडगेही शक्यतो पाळतात. साधारण एक ते तीन वर्षांचं पोर घर सोडतं, कधी शेकडो किलोमीटर चालतं. माळावर एकटा लांडगा दिसला की लोक त्याला कळपातून हाकललेला म्हातारा समजतात. बहुधा तो उपवर असतो.

परका जोडीदार भेटला म्हणून लगेच जुळतं असं नाही. मादी वर्षातून एकदाच माजावर येते; आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे. त्याआधी काही आठवडे दोघं एकत्र हिंडतात, अंगाला अंग घासतात, शेजारी झोपतात. एकीने झुडपावर मुतलं की दुसरा त्याच जागी मुततो. हा जोडीचा सातबारा, आणि नव्या जोड्या तो जरा जास्तच उत्साहाने लिहितात. नर नको असेल तर मादी शेपूट पायांत घेते, खाली बसते किंवा सरळ चावा काढते. पुढे दोघांतलं एक मेलं तर दुसरं नवी जोडी करतं. जन्मभराच्या एकनिष्ठेच्या कथा थोड्या वाढवूनच सांगितल्या जातात.

भावकीबाहेर कुणी उरलंच नाही तर काय होतं, ते अमेरिकेतल्या आयल रॉयल बेटावर दिसलं. सुपीरियर सरोवर गोठलं की बाहेरचा लांडगा बर्फावरून बेटावर येऊ शकतो. 1997 मध्ये असा एक नर आला आणि त्याची वंशावळ बेटभर पसरली. पुढे बर्फ कमी धरू लागला. 2018 पर्यंत बेटावर दोनच लांडगे उरले: बाप आणि लेक. त्यांच्या पिल्लाची कंबर आवळलेली, शेपूट वाकडी होती. ते जगलं नाही. शेवटी माणसांनी बाहेरून लांडगे आणून सोडले.

अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातली गोष्ट मला याहून नवलाची वाटते. तिथे काळे आणि राखाडी, असे दोन रंगांचे लांडगे आहेत. काळा रंग देणारं जनुक फार पूर्वी कुत्र्यांकडून आलं आणि त्याचा रोगप्रतिकाराशीही संबंध आहे. त्याची एक प्रत असेल तर डिस्टेंपर या कुत्रा-लांडग्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या साथीत तगायला मदत होते. आईबाप दोघांकडून मिळून दोन प्रती आल्या तर आयुष्य घटतं. राखाडीकडे ते जनुक नसतंच, म्हणून काळ्या-राखाडी जोडीच्या पिल्लांत दोन प्रती येऊच शकत नाहीत. 2022 च्या अभ्यासात दिसलं, की जिथे रोगाच्या साथी येतात तिथले लांडगे विरुद्ध रंगाचा जोडीदार अधिक पसंत करतात. अर्थात हिशेब लांडगा करत नाही, तो पिढ्यांनी केलेला असतो.

आपल्या विहिरीवरच्या सुगरणीचं गणित वेगळं. नर अर्धं घरटं विणून पंख फडफडवतो, मादी येऊन तपासते. विणकामापेक्षा ती जागा बघते: उंच फांदी, काटेरी झाड. पसंत पडलं तर नर खालची नळी विणून घरटं पुरं करतो, आणि मादी अंड्यांवर बसली की दुसऱ्या घरट्याला लागतो.

लांडग्याला मात्र मोकळा माळ लागतो. माळ नांगरला गेला, वस्त्या वाढल्या, की उपवर लांडग्याला आपल्या जातीचं कुणी भेटण्याआधी गावचं कुत्रं भेटतं. पुणे जिल्ह्यातल्या माळावर पिवळसर रंगाचा एक प्राणी दिसला होता. तो लांडगा-कुत्र्याचा संकर असल्याचं 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून स्पष्ट झालं. अशी पिल्लं वांझ नसतात, ती पुन्हा लांडग्यांत जोडी करू शकतात. पुढच्या पिढ्यांत रंगरूपावरून काही कळेलच असं नाही. तेव्हा केस नाहीतर विष्ठा गोळा करून प्रयोगशाळेत पाठवावी लागते.