निवारा की भिक्षेकरीगृह?

‘ताई, चेंबूरची गाडी तर नाही ना?’ ठाणे स्टेशनबाहेर सॅटिस पुलाखाली, रात्री अकराला, बेघरांच्या पाहणीचे फॉर्म घेऊन गेले होते तेव्हा पहिल्याच माणसाने हे विचारलं. मी उत्तर देईपर्यंत त्याने पथारी गुंडाळलीसुद्धा.

चेंबूरला आहे ते भिक्षेकरीगृह. तिथे कुणी आपणहून जात नाही. १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. न्यायालयाने भिकारी ठरवलं, की पहिल्या खेपेलाच १ ते ३ वर्षं डांबता येतं. पुन्हा पुन्हा सापडलात तर १० वर्षांपर्यंत. व्याख्या तर ऐसपैस. गाऊन-नाचून किंवा भविष्य सांगून पैसे मागणं त्यात येतंच, पण पोटापाण्याचं साधन दिसत नसताना नुसतं भटकणंही येऊ शकतं. (नंदीबैलवाल्याने जपूनच राहावं!) दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे कायदा जागच्या जागी आहे.

बेघरांचा निवारा महापालिकेचा, राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून उभा राहिलेला. तिथे ना पोलीस, ना कोर्ट. यायचं आपल्या मर्जीने, जायचंही आपल्या मर्जीने. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावलं होतं, की लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो बारा महिने उघडा हवा. २०११च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर होतं. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने १८ निवारे.

नशेचं काय? पलीकडच्या खांबाला टेकून एक पोरगा सोल्यूशनचा बोळा हुंगत होता. असा पोरगा निवाऱ्याच्या दारातूनच परत फिरतो, आणि भिक्षेकरीगृह म्हणजे काही दवाखाना नव्हे. व्यसनाला २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारात धरलंय, तेव्हा त्याची जागा उपचारात. पण उपचार संपल्यावर तो परत येणार कुठे, तर याच खांबापाशी. फिनलंडने २००८ पासून क्रमच उलटा केला: आधी घराची किल्ली, व्यसन सोडण्याची अट नाही, उपचार सोबतीने. आपल्या योजनेत ही पायरीच नाही.

त्या रात्री आमच्याबरोबर बंदोबस्ताला एक हवालदार दिला होता. पथारीवाल्याने माझ्या हातातला फॉर्म बघितलाच नाही. त्याला आधी खाकी दिसली.