ज्युरी सोडतीआधीच कशी ठरते

अमेरिकेत ज्युरीची, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांची, नावे सोडतीने निघतात. पण पेटीत कोणाच्या चिठ्ठ्या पडल्या, हे सोडतीच्या कितीतरी आधी ठरलेले असते. जॉर्जियातल्या फुल्टन काउंटीत (जिल्ह्यात) न्यायाधीश स्वतः पेटीत हात घालून चिठ्ठ्या काढत. गोऱ्यांची नावे पांढऱ्या चिठ्ठीवर असत, काळ्यांची पिवळ्या. एका खटल्यासाठी बोलावलेल्या ६० जणांत एकही काळा माणूस निघाला नाही, आणि १९५३ साली सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. हात घालणाऱ्याची नियत साफ असेलही. पण रंगीत चिठ्ठ्यांना दुसरे काय कारण असणार?

आपल्याकडे हा अनुभव १९०८ सालचा. टिळकांचे ‘केसरी’तले लेख मराठीत होते आणि मुंबई हायकोर्टातल्या खास ज्युरीत सात युरोपीय व दोन पारशी. निकालही ७ विरुद्ध २ असाच लागला.

अमेरिकेतल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांत बरीच वर्षे गावातल्या प्रतिष्ठितांना विचारून नावे गोळा करत. साहजिकच त्यांच्या ओळखीचेच लोक यादीत येत. १९६८ च्या कायद्याने मतदारयादीतून सरसकट सोडत आणली आणि यादी समाजाचा खरा नमुना असावी, हे तत्त्व घातले.

काही राज्यांच्या कोर्टांत मात्र बायका बाहेरच राहिल्या. लुइझियानात ज्युरीवर बसायचे असेल तर बाईने आधी लेखी कळवायचे असा नियम होता. १९७५ मध्ये तो घटनाबाह्य ठरला. मिसुरीतली तऱ्हा जास्त बेमालूम. तिथे बायकांना मागितली की सूट मिळे आणि समन्सला हजर न राहिलेल्या बाईने सूट मागितली असेच धरले जाई. प्रौढांत बायका ५४ टक्के, समन्स निघालेल्यांत २६.७ टक्के, आणि दर आठवड्याला कोर्टात हजर होणाऱ्यांत १४.५ टक्के. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही पद्धतही घटनाबाह्य ठरवली आणि ज्युरीच्या यादीला आव्हान देणाऱ्या आरोपीसाठी तीन अटी घातल्या, त्या आजही लागू आहेत: गट वेगळा ओळखता यावा, त्याचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कमी असावे, आणि ती घट पद्धतीतूनच आलेली असावी.

आरोपी अडकतो तो बहुधा तिसऱ्या अटीत. पण दुसरीतही मोजमापाची मेख आहे. मिशिगनच्या केंट काउंटीत ज्युरीसाठी पात्र लोकांत काळे ७.२८ टक्के होते, बोलावलेल्यांत ६. थेट वजाबाकी केली तर फरक सव्वा टक्क्याचा. त्या गटाच्या प्रमाणात पाहिला तर १८ टक्क्यांची घट. काही कोर्टे १० टक्क्यांच्या आतला थेट फरक मोजतच नाहीत, म्हणजे ८ टक्क्यांचा गट यादीतून पूर्ण गायब झाला तरी तक्रार टिकत नाही. केंटचा आरोपी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टात हरला, पण तो तिसऱ्या अटीवर.

संगणक आल्यावर भेदभावाला माणसाच्या हेतूचीही गरज उरली नाही. कनेक्टिकट राज्यातल्या फेडरल कोर्टाच्या यादीत गावाच्या नावाचा रकाना एका अक्षराने अपुरा पडला. ‘हार्टफर्ड’मधला शेवटचा ‘डी’ शेजारच्या रकान्यात सरकला आणि तिथे ‘डी’ म्हणजे ‘मृत’. अख्खे शहर कागदोपत्री मेले, कोणालाच समन्स गेले नाही. त्या कोर्टाच्या विभागातली काळी आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाची) वस्ती मुख्यतः हार्टफर्ड आणि न्यू ब्रिटन या दोन शहरांत. त्यात न्यू ब्रिटनची नावेही यादीबाहेर राहिली होती. १९९२ मध्ये कोर्टाने ही यादी बाद केली.

आजचे उपाय यादीपासूनच सुरू होतात. मतदारयादीला वाहनपरवान्यांची जोड देतात. कॅलिफोर्नियाने कर भरणाऱ्यांची नावेही घेतली. याद्या एकत्र केल्या की दुबार नावे काढावी लागतात. निकष ढिला ठेवला तर एकाच माणसाची दोनदा सोडत होते. फार कडक केला तर एकाच आडनावाची वेगवेगळी माणसे एक समजून गळतात. पुढचा अडथळा टपालाचा. भाडेकरू वारंवार घर बदलतात, त्यांचे समन्स परत येते. म्हणून यादी पाठवण्याआधी टपाल खात्याच्या पत्ताबदल नोंदींशी ताडून घ्यायची, आणि परत आलेल्या प्रत्येक समन्सच्या बदल्यात त्याच पिनकोडमधले दुसरे नाव काढायचे. नाहीतर बदली नावे स्थिर, घरमालक वस्तीतूनच येतात.

समन्स पोचले तरी रोजंदारीवाला येईलच असे नाही. कॅलिफोर्नियात ज्युरीवर बसणाऱ्याला राज्याचा भत्ता दिवसाला १५ डॉलर, तोही दुसऱ्या दिवसापासून. सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ मध्ये कमी उत्पन्नवाल्यांना दिवसाला १०० डॉलर देऊन पाहायला सुरुवात केली.