हरिहरेश्वरचा कातळ आणि पाच मिनिटांत बघितलेला समुद्र

हरिहरेश्वरला काळभैरवाच्या देवळामागून प्रदक्षिणेची वाट निघते. आधी टेकडी चढायची, मग दोन कातळांच्या फटीतून खड्या पायऱ्यांनी थेट समुद्राशी उतरायचं आणि कातळावरून वळसा घालून परत देवळाशी यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण इथे लाटेने माणसं ओढून नेल्यात, एकदा नाही, अनेकदा, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आम्ही चौघं गेलो होतो सप्टेंबरच्या शेवटी, पौर्णिमेनंतरची तृतीया होती. जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकींनी आदल्या रात्रीच बोटांवर हिशोब करून सांगितलं, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला पूर्ण भरती आणि सकाळी सव्वाआठला सुकती (पूर्ण ओहोटी), तर साडेसातला उतरा आणि नऊच्या आत वर या. हा हिशोब अंदाजाचा असला तरी त्याच्यामागे पक्कं कारण आहे, चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागे तेवढीच सरकते.

सकाळी धो धो पाऊस. थांबलो, चहा झाला, परत चहा झाला, सव्वादहाला उघडीप मिळाली आणि आम्ही निघालो. काकी म्हणाल्या, "अरे बाळांनो, पाणी भरायला लागलंय, आता नका उतरू." आम्हाला वाटलं भरतीला अजून चार तास आहेत की!

इथेच चुकलो. पाणी सहा तासांत सारखं सारखं चढत नाही. ढोबळ हिशोब असा की पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढं चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे निम्मी भरती मधल्या दोनच तासांत होते. आमचे ते दोन तास बरोब्बर सव्वादहाला सुरू झाले, त्यात उधाणाचे, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीचे दिवस.

आणि लाटा वेगळ्याच. पायऱ्यांवर उभं राहून आम्ही पाचेक मिनिटं समुद्र बघितला, लाटा गुडघाभर येत होत्या, ठीक वाटलं. दर 10 सेकंदाला एक लाट धरली तर पाच मिनिटांत जेमतेम 30 लाटा दिसतात. पण लाटा एका मापाच्या नसतात, वेगवेगळ्या ठिकाणच्या वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा एकमेकींवर चढतात आणि अधूनमधून एखादी सगळ्यांची बेरीज होऊन येते. समुद्राच्या अंदाजात जी उंची सांगतात ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, आणि हजारात एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पट निघते. हजार लाटा म्हणजे पावणेतीन तास. पाच मिनिटांत ती दिसलीच पाहिजे असं कुठे आहे?

आम्हाला ती भेटली वळणावर. तिथला कातळ म्हणजे भूगोलात शिकलेला तरंगघर्षित मंच, लाटांनी खाऊन खाऊन सपाट केलेला ओटा, मागे उभा कडा, त्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, लाट चढणीला लागून हळूहळू दमते, इथे मात्र समोर खोल पाणी असल्याने ती सगळा जोर घेऊन थेट ओट्याच्या काठावर फुटते. आधी काठाचं पाणी खाली खाली गेलं, एरवी न दिसणारे कालव दिसायला लागले, मग कमरेएवढं पाणी आलं आणि आम्ही कड्याला चिकटलो. येताना तिने नुसतं ढकललं, भीती वाटली ती परत जाताना, कारण पाण्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते आणि खाली कातळावर पावसाळाभर वाढलेलं हिरवं शेवाळ. मावसभावाचे पाय सुटले, त्याची बोटं त्या पोळ्यातल्या एका भोकात अडकली म्हणून तो राहिला. चारही बोटांची सालं गेली होती.

त्यात पाऊस परत आला. पुढे जावं तर वाटेत खोलगट भाग होता, तो आधीच भरलेला, भरती काही तुमच्या समोरूनच येते असं नाही, सखल जागा आधी भरते, मग ती तुमच्या मागे का असेना. आल्या वाटेने हात धरून परत फिरलो, लाटांचा एक घोळका गेला की पंधरा-वीस पावलं, मग परत कडा. दहा मिनिटांच्या वाटेला चाळीस मिनिटं लागली.

दरवेळी आभाळ बघून कळतंच असं नाही हेही सांगतो. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्या किनाऱ्याला लागतात, तेव्हा इथे लख्ख ऊन असू शकतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते बघायला एक मिनिट लागतं.

वर टेकडीवर येऊन बसलो तेव्हा बारा वाजत आले होते. ज्या कातळावर पाठपिशव्या टेकवून फोटो काढले होते तो शोधत होतो, तिथे नुसता फेस होता. भरतीला अजून दोन तास बाकी होते.