गृहलक्ष्मीचे पैसे, भिशी आणि माहेर

कर्नाटकात ऑगस्ट २०२३ मध्ये गृहलक्ष्मी योजना सुरू झाली. घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिन्याला २,००० रुपये. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या घरांत ते कशात जातात हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही: दुकानाची उधारी, औषधपाणी, पोरांची फी. पण त्यानं सुख वाढतं का?

हे मोजायला १९६५ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी एक प्रश्न मांडला. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी आहे, वर सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट; तुम्ही आज कितव्या पायरीवर? गरीब देशांत रोख मदत मिळालेल्या कुटुंबांना असे प्रश्न विचारले, तेव्हा सरासरीनं समाधान वाढलेलं दिसलं. वाढ थोडी, पण खरी. मात्र केनियात एका प्रयोगात गावातल्या काही घरांनाच पैसे मिळाले, तेव्हा न मिळालेल्या शेजाऱ्यांचं समाधान काही काळ घसरलं. म्हणून योजना जितकी सरसकट, तितकी गावात धुसफूस कमी, असं मला वाटतं.

जागतिक आनंद अहवालात आणखी एक प्रश्न असतो: अडीनडीला हाक मारावी असं कुणी आहे का? देशादेशांतल्या सुखाच्या फरकाशी या उत्तराचा घट्ट संबंध आढळतो. आपल्याकडे हा आधार देण्याघेण्यावर उभा असतो. भाताच्या लावणीला पैरा करायचा, म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. लग्नात आहेर, बारशाला कुंची. हात रिकामा असला की बाई आधी भिशी सोडते, मग लग्नाला जायचं टाळते. आहेर काय करायचा म्हणून. गरिबी माणसाला अशी एकटी पाडते. त्या २,००० रुपयांतून भिशीचा हप्ता गेला, तर तो खर्च वायफळ नाही. तिनं पुन्हा चारचौघींत बसायची जागा मिळवली.

शक्ती योजनेचंही तसंच. ११ जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला झालेली गर्दी सगळ्यांनी पाहिली; आजारी आईला आठवड्यात दोनदा भेटून येणारी लेक कुणी मोजली नाही.

सीमाभागात यात एक पेच आहे. सवलत राज्यापुरती. महाराष्ट्रातल्या चंदगडची लेक इकडे बेळगाव तालुक्यात दिली असेल, तर बिदरपर्यंत फुकट आणि माहेरी जायला पैसे. पलीकडे महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या लेकी-सुनांना ही सवलत लागू करावी. सोयरिकी तर दोन्हीकडच्या आहेत.