गरम झाली की बंद पडणारी गाडी : बिघाड शोधायचा तर गरम असतानाच

सकाळी एका सेल्फमध्ये चालू होणारी गाडी. घोडबंदर रोडला कासारवडवलीपर्यंत काही कुरकुर नाही, मग गायमुखच्या चढाला कंटेनरच्या रांगेत अडकली की आयडलला थरथरायला लागते, दोन आचके देते आणि बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. बाजूला घेऊन अर्धा तास उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होते. ठाणे, नवी मुंबईत १५ वर्षं उलटलेली, रजिस्ट्रेशन रिन्यू करून घेतलेली पेट्रोल गाडी जपून वापरणारे बरेच लोक आहेत आणि त्यातल्या अनेकांना हे चांगलं माहितीये. मेकॅनिक येईपर्यंत गाडी थंड झालेली असते, तो म्हणतो "काका, गाडी तर चालू आहे", मग अंदाजाने आधी प्लग बदलतात, मग स्पार्कला व्होल्टेज देणारी कॉइल, मग पेट्रोलचा पंप, खर्च वाढत जातो आणि पुढच्या मे महिन्यात गाडी परत तिथेच उभी.

मला कळकळीने एकच सांगायचंय, बंद पडल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं हीच तपासणीची वेळ आहे. पुरावा तेव्हाच असतो, थंड झाल्यावर तो गेला.

आधी गरमीचं गणित बघू. चालत्या इंजिनात कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास असतं. पाण्याचा पंप ते फिरवत असतो, समोरून वारा येतो, गरज पडली की फॅन लागतो. इंजिन बंद केलं की हा पंप थांबतो, वाराही थांबतो, पण सिलिंडर हेड आणि एक्झॉस्टच्या धातूत साठलेली उष्णता तर आहेच, ती बाहेर पडून बोनेटखालच्या सगळ्या पार्ट्समध्ये शिरते. त्यामुळे गाडी बंद केल्यावर पुढची पंधरा-वीस मिनिटं बोनेटखालचं तापमान कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. वाशीला एपीएमसीत भाजी घ्यायला उतरलात आणि परत येऊन सेल्फ मारलात तर ती नेमकी सगळ्यात वाईट वेळ असते, आणि म्हणूनच दोन तासांनी आलात तर काही त्रास होत नाही.

आता ही गरमी कोणाला त्रास देते? पहिला नंबर पेट्रोलचा. पाण्यासारखा पेट्रोलला एकच उत्कलनबिंदू नसतो, ते शेकडो हायड्रोकार्बन्सचं मिश्रण आहे, त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात आणि जड घटक २०० अंशांपर्यंत टिकतात. कार्बोरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या) गाड्यांमध्ये, म्हणजे जुनी मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी, मेकॅनिकल फ्युएल पंप इंजिनलाच बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना पाइपात दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पाइप गरम आणि दाब कमी असं दोन्ही एकदम झालं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, पंप ती वाफच दाबत बसतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. गॅरेजमध्ये याला एअर लॉक म्हणतात, आत हवा नसून पेट्रोलचीच वाफ असते. ओळखायला सोपं आहे: गाडी बंद पडल्यावर पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पंपावर आणि पाइपावर गुंडाळायचं, दोन-तीन मिनिटांत चालू झाली तर चोर सापडला. फडकं कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटरच्या वायरींना लागू द्यायचं नाही एवढं सांभाळा.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल एकटं ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाची वाफ व्हायची ओढ नुसत्या पेट्रोलपेक्षा थोडी वाढते. शिवाय जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलसाठी बनवलेले नसतात, ते फुगतात, चिरतात. म्हणून कार्बोरेटरच्या गाडीत हे पाइप आधी बदलून घ्या असं मी आग्रहाने सांगेन. एमपीएफआय गाडीत (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत) पंप टाकीतच असतो आणि साधारण ३ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, दाबाखालचं पेट्रोल सहज उकळत नाही, त्यामुळे तिथे एअर लॉकचा संशय शेवटी घ्यायचा.

मग एमपीएफआय गाडी का बंद पडते? इथे माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर असतो, कारण लक्षणं हुबेहूब जुळतात आणि लोक इथे सगळ्यात शेवटी पोचतात. क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर, एक दातेरी चाक फिरतं आणि शेजारी चुंबकावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे असतात. दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तारेत व्होल्टेज तयार होतं, फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं तेच तत्त्व. त्या ठोक्यांवरून ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो की पेट्रोल कधी सोडायचं आणि स्पार्क कधी द्यायचा. ठोके थांबले की ईसीयूच्या हिशोबी इंजिन फिरतच नाहीये, तो दोन्ही बंद करतो. वर्षानुवर्षं तापून-निवून ही तार आत कुठेतरी तुटते. थंड असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात, आजूबाजूचं प्लास्टिक गरम होऊन प्रसरण पावलं की लांब जातात, आणि थंड झाल्यावर परत टेकतात.

ऐरोलीला आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या गाडीला हेच होत होतं. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये थंड इंजिनाचा सेन्सर खोलला, मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावला, साडेआठशेच्या आसपास रीडिंग. मग एक्स्टेंशन बोर्डवर काकूंचा हेअर ड्रायर लावून सेन्सर तापवायला घेतला. रीडिंग हळूहळू चढायला लागलं, ते चढणारच, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. नऊशे, साडेनऊशे, हजारच्या जवळ, आणि एकदम आकडा गेला, स्क्रीनवर नुसतं ओएल, म्हणजे सर्किट तुटलं. ड्रायर बंद करून फुंकर मारत बसलो तर थोड्या वेळाने आकडा परत आला. काका म्हणाले, "अरे, मग पंप कशाला बदलायला लावला मला?" ही टेस्ट दोन वायरच्या सेन्सरलाच करायची. तीन वायरचा असेल तर तो बहुतेक हॉल इफेक्टचा, आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला ओहमने मोजायचं नाही.

मीटर नसेल तर रस्त्यावरही अंदाज येतो. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा, बऱ्याच गाड्यांत तो थोडा उचलतो. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावरच चिकटलाय तर क्रँक सेन्सरचा संशय पक्का करा. मग चावी ऑन करून शांत बसा, मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची घुर्रर्र यायला हवी. ती आलीच नाही तर पंप किंवा त्याचा रिले, म्हणजे पंपाला करंट देणारा स्विच. रिलेच्या आत सोल्डरला केसाएवढी चीर पडलेली असू शकते, डॅशबोर्डखाली तापलं की ती उघडते. आणि जुना पंप गरम झाल्यावर दम सोडत असेल तर टाकीत पेट्रोल कायम रिझर्व्हला ठेवू नका, त्या पंपाला थंड ठेवतं ते टाकीतलं पेट्रोलच.

पेट्रोलचा वास येतोय, प्लग काढला तर ओला आणि काळा, तर भानगड उलटी आहे, पेट्रोल जास्त होतंय. इथे कूलंट टेंपरेचर सेन्सर बघायचा. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम असतो तो ८० अंशांना तीनेकशेवर येतो. सेन्सर बिघडला किंवा त्याच्या कनेक्टरला गंज चढला, जो आपल्याकडे खाडीच्या हवेत चढतोच, तर ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. इंजेक्टर गळत असतील तरी असंच होतं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा, बहुतेक एमपीएफआय गाड्यांत त्याने सेल्फपुरतं इंजेक्शन बंद होतं आणि आत साठलेलं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं.

कॉइलचं थोडक्यात: आतल्या तारांवरचं इन्सुलेशन गरमीने कमजोर झालं की स्पार्क पिवळट, अशक्त येतो किंवा येतच नाही. स्पार्क बघायला स्पार्क टेस्टर वापरा, वायर हातात धरून बघू नका, तिथे २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ही टेस्ट करूच नका. गरम रेडिएटरचं झाकणही उघडायचं नाही. इंजिन फिरतानाच जड, हळू फिरत असेल तर या सगळ्याच्या आधी बॅटरी, अर्थिंगची वायर आणि स्टार्टर बघा, एक्झॉस्टजवळ बसवलेला स्टार्टर तापला की असा जड चालतो.

गॅरेजला नेताना गाडी आधी चांगली अर्धा-पाऊण तास चालवा, पोचल्यावर बंद करा, बोनेट उघडू नका, वीस मिनिटं तशीच तापू द्या आणि मेकॅनिकला शेजारी उभं करून मग सेल्फ मारा. बंद पडताना काटा काय करत होता, वास होता का, पंपाचा आवाज आला का, हे आधीच फोनमध्ये लिहून ठेवलेलं असेल तर ते त्याला दाखवा, आणि स्कॅनर किंवा मीटर लावायचा तो त्याच वेळी लावायला सांगा.