पार्श्वभूमी : मॅट्रिक्स तपासताना टॉलरन्स कोणी ठरवायचा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये परदेशी ग्राहकाकडून आलेली कास्टिंगची थ्रीडी फाइल कॅम (मशीनिंगचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरने ‘अवैध रूपांतरण’ असा शेरा मारून नाकारावी, हा प्रकार नवा नाही. अशा वेळी संशय आधी फाइलवर आणि मग ती पाठवणाऱ्यावर जातो, पण अनेकदा खोट असते ती मॅट्रिक्स (भाग किती फिरवायचा, कुठे सरकवायचा हे सांगणारा आकड्यांचा चौकोन) तपासणाऱ्या कोडमध्ये कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेल्या एका आकड्यात, म्हणजे किती फरक चालेल हे सांगणाऱ्या टॉलरन्समध्ये.

मॅट्रिक्सच्या गणितात राउंडिंगची चूक किती साचते, याचा पद्धतशीर विचार १९४७-४८ पासून होत आला आहे. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९८५ च्या ७५४ क्रमांकाच्या मानकाआधी मात्र प्रत्येक यंत्राचा फ्लोटिंग पॉइंटचा (दशांश संख्या मर्यादित अंकांत साठवण्याचा) रिवाज निराळा असल्याने एका यंत्रावर पास झालेली तपासणी दुसऱ्यावर नापास होई. मानक आल्यावर एकेरी अचूकतेत (३२ बिटांच्या संख्यांत) १ आणि त्याच्या लगतची मोठी संख्या यांतले अंतर सुमारे ०.००००००१२ असणार, हे पक्के झाले. त्याचबरोबर हाच आकडा, किंवा त्याच्या आसपासचा ०.०००००१ सारखा गोल आकडा, सगळीकडे टॉलरन्स म्हणून वापरण्याची सवयही रुजली.

खरा वाद या सवयीचा आहे. चार बाय चारच्या मॅट्रिक्समध्ये वरच्या डाव्या तीन बाय तीन भागाला एकक नसते; सरकवण्याचा स्तंभ मात्र मिलिमीटर, इंच किंवा मीटरमध्ये असतो. अनेक लायब्ररींनी (तयार कोडच्या संग्रहांनी) सोयीसाठी सोळाही घटकांना एकच टॉलरन्स लावला. १०,००० मिलिमीटरच्या आसपास एकेरी अचूकतेच्या दोन लगतच्या संख्यांमध्ये जवळजवळ एक मायक्रॉनचे अंतर असते, त्यामुळे तिथे ०.०००००१ मिलिमीटरचा टॉलरन्स लावणे म्हणजे तंतोतंत बरोबरी मागणेच होय. या पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, लायब्ररीला एककाची कल्पना नसते आणि वापरणाऱ्यावर निर्णय सोपवला की प्रत्येक जण वेगळा आकडा लिहितो. यात तथ्य आहे, तरी ड्रॉइंगवर टॉलरन्स न लिहिता तो मशीन बनवणाऱ्याने ठरवावा, असे कोणताही टर्नर मान्य करणार नाही.

निश्चयकाच्या, म्हणजे मॅट्रिक्सच्या घटकांतून निघणाऱ्या एका संख्येच्या, तपासणीत तर ही सवय सरळ चुकीचे उत्तर देते. मिलिमीटरचे मीटर करण्यासाठी तिन्ही अक्षांवर ०.००१ ने गुणले की निश्चयक ०.००००००००१ होतो, हा आकडा ०.०००००१ पेक्षा लहान म्हणून कोड म्हणतो, ‘व्यस्त (रूपांतरण उलटवणारी मॅट्रिक्स) निघणार नाही’. प्रत्यक्षात तो १००० ने गुणून सहज निघतो. उलट इंचाचे मिलिमीटर करताना निश्चयक १६,३८७.०६४ येतो आणि कोणाचीच तक्रार नसते. व्यस्त भरवशाने निघेल का, हे निश्चयकाच्या लहानमोठेपणावरून ठरत नाही. त्यासाठी कंडिशन नंबर, म्हणजे छोटी चूक उत्तरात किती पट वाढू शकते ते सांगणारा आकडा, पाहावा लागतो, आणि या दोन्ही उदाहरणांत तीन बाय तीन भागासाठी तो १ च आहे. गंमत म्हणजे जॉब सरळ आहे की मिरर, हे ओळखायला निश्चयकाचे चिन्ह पुरते. फिरवण्याच्या मॅट्रिक्ससाठी निश्चयक अधिक १ च्या आणि मिररसह फिरवण्याच्या मॅट्रिक्ससाठी उणे १ च्या जवळ असतो, मध्ये दोनाची दरी असते, तरीही तिथे टॉलरन्स घातलेला कोड सर्रास दिसतो.

थ्रीडी फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी १९८० पासून प्रचलित असलेल्या आयजीईएस स्वरूपात मॅट्रिक्स सहसा मजकूर म्हणून लिहिलेली असते, त्यामुळे राउंडिंगची आणखी एक जागा तयार होते. ४५ अंशांच्या फिरवणीत ०.७०७१०७ असे सहाच दशांश लिहिले, तर एका ओळीतल्या दोन घटकांच्या वर्गांची बेरीज १ ऐवजी १.००००००६२ येते. एक दशलक्षांश टॉलरन्स असलेले सॉफ्टवेअर ही फाइल उघडते, तर एक अब्जांश मागणारे परत पाठवते. १००० मिलिमीटर अंतरावर या चुकीचा परिणाम मायक्रॉनच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगच्या मशीनिंगमध्ये कुठल्याही डायलला न दिसणारा आहे. अशी फाइल नाकारण्यापेक्षा मॅट्रिक्स पुन्हा ऑर्थोगोनल (अक्ष परस्परांशी काटकोनात आणि लांबी १ असलेली) करून, किती दुरुस्ती केली ते कळवून पुढे जाणे केव्हाही शहाणपणाचे.

२००८ च्या सुधारणेत गुणाकार आणि बेरीज एकाच राउंडिंगमध्ये करणारी क्रिया मानकात आली. अचूकता वाढली, पण दोन ओळी सारख्या असलेल्या दोन बाय दोन मॅट्रिक्सचा निश्चयक, जो आधी नेमका शून्य येई, तो या क्रियेने काढल्यास कधीकधी अगदी लहान, पण शून्याहून वेगळा येऊ लागला. थेट शून्याशी तुलना करणारे जुने कोड नवा कंपायलर वापरताच त्यामुळे वेगळे वागू शकते. आता काही लायब्ररी टॉलरन्स वापरणाऱ्याकडून घेतात. मात्र फिरवण्याच्या भागाला आणि सरकवण्याच्या स्तंभाला वेगवेगळा टॉलरन्स देण्याची सोय त्यांतल्या सगळ्याच देत नाहीत, आणि काही दिला नाही तर जुनाच गोल आकडा आपोआप लागू होतो.