चॅट नेटवर्कला सर्व्हर द्यायचा म्हणजे नक्की काय द्यायचं?

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं एकदम बंद पडलं, जवळजवळ सहा तास. मेंटेनन्समधल्या एका कमांडने कंपनीची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली आणि पाठोपाठ त्यांच्या पत्त्यांचे रस्तेच इंटरनेटवरून गायब झाले. त्यानंतर मी कॉलेजच्या मुलांशी बोलताना जेव्हा जेव्हा म्हणतो की कंपनीशिवायही चॅट चालतं, तेव्हा एकच प्रश्न येतो, मग सर्व्हर कोण देतो? मुळात चॅट म्हटलं की कोट्यवधींची कंपनी आणि एसी लावलेलं गोडाऊनभर मशीन लागतंच हा समज इतका पक्का बसलाय की तो निघता निघत नाही.

उत्तर साधं आहे, हौशी लोक देतात. इंटरनेट रिले चॅट, म्हणजे आयआरसी, ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केलं आणि ते आजही चालू आहे. कुणी विद्यापीठाचं मशीन दिलं, कुणी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत शब्द टाकून एक कोपरा मिळवला, कुणी पदरचे पैसे घालून भाड्याचा सर्व्हर घेतला. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसीच्या नेटवर्कच्या मालकीवरून वाद झाला तेव्हा ते सांभाळणारे बहुतेक स्वयंसेवक बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट नावाचं नवं नेटवर्क उभं केलं आणि बघता बघता मोठमोठे मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प त्यांच्यामागून तिकडे गेले.

आता मशीन किती मोठं लागतं? अगदीच छोटं चालतं. आयआरसीचा एक मेसेज जास्तीत जास्त ५१२ बाईटचा, त्यात पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ओळ संपल्याची खूणसुद्धा आली. आपल्या मराठीला इथे थोडा फटका बसतो कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट खातं, नुसतं 'गोवा' लिहिलं तरी ग, ओकार, व आणि काना मिळून १२ बाईट गेले, म्हणून लांब मराठी वाक्य मध्येच कापलं जातं आणि कधी शेवटी चौकोन दिसतो. पण असे मेसेज हजारो लोकांनी पाठवले तरी साधा भाड्याचा सर्व्हर ते आरामात पेलतो. मग स्वयंसेवकाकडून नेटवर्क नक्की काय मागतं? तुटणार नाही अशी लाईन आणि बरोबर चालणारं घड्याळ. घड्याळ का, ते मला नीट सांगायचंय, कारण आयआरसीतली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे.

नेटवर्कमधले सर्व्हर एकमेकांना झाडासारखे जोडलेले असतात, म्हणजे कुठल्याही दोन सर्व्हरमध्ये जायला एकच वाट, दुसरी नाही. दहा सर्व्हर असले तर लिंक बरोबर नऊ. मधले मोठे ते हब, टोकाचे ते लीफ. मेसेज आला की सर्व्हरने तो ज्या लिंकवरून आला ती सोडून पुढे गरज असेल त्या लिंकवर ढकलायचा, बस्स. वर्तुळ कुठेच नसल्यामुळे मेसेज फिरून परत येत नाही आणि 'हा आधी पाहिलाय का' असं विचारत बसावं लागत नाही. एखाद्याने चुकून दहावी लिंक जोडली तर वर्तुळ तयार होतं, मग एकाच सर्व्हरचं नाव दोन बाजूंनी येतं, ते लगेच पकडलं जातं आणि ती लिंक तोडली जाते. १९८८ च्या काळातल्या हळू लाईनींसाठी इतकी कमी खर्चाची रचना सुचणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

पण याची किंमत आहे. एकच वाट असल्यामुळे ती तुटली की नेटवर्कचे दोन तुकडे होतात, याला नेटस्प्लिट म्हणतात. जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट बंद पडली तर बेटावरचं आयुष्य थांबत नाही, बेटावरचे एकमेकांशी बोलतात, इकडचे इकडे बोलतात, फक्त पलीकडचे दिसेनासे होतात, तसंच हे. प्रत्येक तुकडा पूर्ण नेटवर्क असल्यासारखा चालू राहतो, एकदम शंभर माणसं चॅनल, म्हणजे गप्पांची खोली, सोडून गेल्याचं दिसतं आणि कारणाच्या जागी फक्त दोन सर्व्हरची नावं असतात.

खरी गंमत तुकडे परत जुळताना आहे. दोन्ही बाजू आपापली सगळी यादी एकमेकांना पाठवतात, आणि मधल्या वेळात दोन्हीकडे एकाच टोपणनावाची माणसं बसलेली असू शकतात. आयआरसीचे नियम लिहिलेल्या मे १९९३ च्या आरएफसी १४५९ या कागदात नियम होता, दोघांनाही बाहेर काढा! लोकांनी लगेच याचा गैरफायदा घेतला. स्प्लिटची वाट बघायची, रिकाम्या तुकड्यात जाऊन शत्रूचं नाव लावायचं आणि जुळताना दोघंही उडाले की तिकडे चॅनल मोकळं. त्याहून वाईट, रिकाम्या चॅनलमध्ये पहिला शिरेल तो ऑपरेटर, म्हणजे लोकांना बाहेर काढायचा अधिकार असलेला, होतो, मग जुळल्यावर तो खऱ्या चॅनलचाही मालक.

यावर दोन उपाय निघाले. एक, स्प्लिटमध्ये गेलेलं नाव थोडा वेळ कुणालाच द्यायचं नाही. दुसरा, प्रत्येक नावाला आणि चॅनलला ते कधी तयार झालं त्याचा टाईमस्टॅम्प लावायचा आणि जुळताना जुनं चॅनल जिंकेल, नव्या बाजूचं ऑपरेटरपद जाईल. या आणि अशा मुद्द्यांवर भांडण इतकं वाढलं की १९९६ मध्ये ईएफनेट नेटवर्क फुटून मुख्यतः युरोपातले सर्व्हर आयआरसीनेट म्हणून वेगळे झाले.

टाईमस्टॅम्प म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. समजा तुमच्या सर्व्हरचं घड्याळ तासभर मागे आहे, तर तुमच्याकडे आत्ता उघडलेलं चॅनल तासभर जुनं दिसेल आणि खऱ्या चॅनलला हरवेल. म्हणजे एका हौशी माणसाचं चुकीचं घड्याळ सगळ्या नेटवर्कचा न्याय बिघडवतं. मशीनमधला क्वार्ट्झ दहा लाखात २० भाग जरी चुकला तरी दिवसाला १.७ सेकंद होतात, म्हणून एनटीपी या इंटरनेटवरून वेळ विचारण्याच्या पद्धतीने घड्याळ सतत जुळवावं लागतं. विचारलं तेव्हाची वेळ, तिकडे पोचल्याची, तिकडून निघाल्याची आणि परत आल्याची अशा चार वेळांची नोंद घेऊन एनटीपी फरक काढतं, जाता-येता सारखा वेळ लागला असं धरून. पणजी ते ओउलू सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन निदान ६५ मिलिसेकंद, प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते म्हणून बरेच जास्त. त्यामुळे जवळचा टाईम सर्व्हर बरा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्या, डेटा सेंटर वगैरेंना एनआयसी (सरकारचं संगणक केंद्र) किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलंच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. नवं मशीन राहुकाळात चालू करू नये, त्याला नजर लागते म्हणून लिंबू-मिरची बांधावी असं शिकलेली माणसंसुद्धा सांगतात. श्रद्धा घरात ठेवा, पण जूनच्या गडगडाटात मशीन वाचतं ते चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर असल्यामुळे, आणि करंट गेल्यावर चालू राहतं ते यूपीएसमुळे.

तसं बघितलं तर घरच्या कनेक्शनवर पब्लिक सर्व्हर ठेवूच नये. आपल्याकडे बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता नसतो, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात, त्यामुळे बाहेरून आयआरसीच्या ६६९७ पोर्टवर (सर्व्हरच्या दारावर) कुणी येऊच शकत नाही. शिवाय आयआरसी सर्व्हरवर ट्रॅफिकचा पूर सोडणारे हल्ले होतात, त्यापायी अनेक विद्यापीठांनी आपले सर्व्हर बंद केले. म्हणून कॉलेजने द्यायचा झाला तर मुख्य नेटवर्कपासून वेगळ्या लाईनवर द्यावा. पण द्यावा असं मला मनापासून वाटतं, गोव्यात फर्मागुडी, झुआरीनगर, कुंकळ्ळी इथे एवढी इंजिनिअरिंगची मुलं शिकतायत, त्यांनी नेटवर्क पुस्तकात वाचायचं आणि सांभाळायचं मात्र दुसऱ्यांनी, हे बरोबर नाही. आणि जबाबदारी समजून घ्या, इथले खाजगी मेसेज सर्व्हरवरून उघडे जातात, टीएलएस, म्हणजे मेसेज सांकेतिक करणारं कुलूप, फक्त वाटेतल्या लिंकपुरतं असतं, सर्व्हर चालवणारा ठरवलं तर वाचू शकतो, म्हणूनच नवीन माणसाला कुठलंही नेटवर्क आधी पारखतं आणि मग लीफ म्हणून घेतं.

तोवर घरीच करून बघा. इन्स्पआयआरसीडी किंवा अनरिअलआयआरसीडी हे आयआरसी सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातलं एकच दोन जुन्या लॅपटॉपवर टाका, एकमेकांना जोडा, चॅनल उघडा आणि मधली केबल काढा. दोन्हीकडे त्याच नावाचं चॅनल चालवा, मग केबल लावून कुणाचं ऑपरेटरपद राहतं ते बघा. नंतर एकाचं घड्याळ तासभर मागे करून परत जोडायला जा आणि लॉग वाचा, वेळेचा फरक दाखवून दुसरा सर्व्हर तक्रार करेल किंवा लिंकच नाकारेल.